बाल्टिमोर ओरिओल्स: शेतात काय पिकलं, काय राहिलं

२०२१ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकन बेसबॉल संघाने १६२ पैकी ११० सामने गमावले. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, याच संघाने १०१ सामने जिंकले. आणखी दोन वर्षं गेली आणि २०२५ मध्ये ७५ विजय, ८७ पराभव घेऊन तो अमेरिकन लीग ईस्ट या पाच संघांच्या गटात तळाला गेला. वर कसा चढला आणि खाली का आला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मुख्य संघात कमी आणि त्याच्या खालच्या संघांत जास्त सापडतात. म्हणून आधी ते खालचे संघ म्हणजे काय ते पाहू, मग ओरिओल्सचा हिशेब मांडू. हा हिशेब २०२६ च्या हंगामाच्या उंबरठ्यावरचा आहे.

क्रिकेटच्या सवयीमुळे मायनर लीग, म्हणजे हे खालचे संघ, रणजीसारखं काहीतरी असं वाटतं. तिथेच पहिली चूक होते. कांगा लीगमध्ये खेळणारा मुलगा आपल्या क्लबचा असतो, रणजीत मुंबईचा असतो आणि भारतीय संघाचा होतो तो निवड झाल्यावर. बेसबॉलमध्ये मुलगा पहिल्या दिवसापासून वरच्या संघाचाच असतो. ओरिओल्सच्या खालच्या नॉरफोक संघात खेळणाऱ्या प्रत्येकाचा करार बाल्टिमोरशी असतो, पगार बाल्टिमोर देतं, प्रशिक्षक बाल्टिमोर नेमतं आणि आज पिचरने ७५ चेंडू टाकायचे की ९०, तेही बाल्टिमोरच ठरवतं. स्थानिक मालकाकडे राहतं ते मैदान, तिकिटं आणि खाण्यापिण्याचे स्टॉल. त्यामुळे नॉरफोकने सामना जिंकला तर उत्तमच, पण त्यासाठी ते खेळत नाहीत. या व्यवस्थेला अमेरिकेत फार्म सिस्टिम म्हणतात, म्हणजे चक्क शेती. १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी ती उभी केली, कारण तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा त्यांच्या संघाकडे नव्हता.

२०२१ पासून तीस संघांना प्रत्येकी चार, असे एकूण १२० संलग्न संघ आहेत. ओरिओल्सची शिडी खालून वर अशी जाते: सिंगल-एला सॉल्सबरी गावातले डेलमार्व्हा शोअरबर्ड्स, हाय-एला २०२५ पर्यंत अबरडीन आणि २०२६ पासून फ्रेडरिक, डबल-एला बोवी इथले बेसॉक्स, ज्यांचं नाव २०२५ पासून चेसपीक बेसॉक्स झालं, आणि ट्रिपल-एला व्हर्जिनियातले नॉरफोक टाइड्स. याही खाली फ्लोरिडात सरासोटाच्या सराव संकुलात एक संघ असतो आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची लीग. नॉरफोक सोडलं तर वरचे तिन्ही संघ मेरीलँडमध्येच आहेत, बाल्टिमोरहून गाडीने जाण्यासारखे. पगाराची दरी मात्र मोठी आहे. २०२३ च्या करारानुसार ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला, तर त्याच वर्षी मेजर लीगमधला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवरचा, किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. एका पायरीत वीसपट.

प्रत्येक पायरीवर परीक्षा वेगळी असते. सिंगल-एमधले पिचर जोरात टाकतात, पण चेंडू कुठे जाईल याची त्यांनाच खात्री नसते. नुसता शांत उभा राहणारा बॅटर तिथे वॉक गोळा करतो, म्हणजे चार चेंडू स्ट्राइक झोनच्या, मारण्याजोग्या चौकटीच्या, बाहेर गेल्यामुळे पहिला तळ फुकटात मिळवतो. खरी चाळणी डबल-एची. तिथला पिचर अडचणीत असतानाही स्लायडर (वळणारा चेंडू) किंवा चेंजअप (फसवा हळू चेंडू) हवा तिथे टाकू शकतो, आणि फक्त वेगवान चेंडूवर जगणारे बॅटर तिथे उघडे पडतात. ट्रिपल-ए विचित्र जागा आहे. तिथे पंचविशीच्या पुढचे, वर जाऊन परत आलेले अनुभवी लोक भरलेले असतात, पण ज्यांचा चेंडू खरोखर खेळता येत नाही ते पिचर आधीच वर गेलेले असतात.

मुलं येतात कुठून

मुख्य दारं दोन: दरवर्षी जुलैत होणारा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, आणि परदेशी मुलांशी होणारे करार. तिसरं दार म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, त्याकडे नंतर येऊ.

ड्राफ्टमध्ये आधीच्या वर्षी वाईट खेळलेल्यांना आधी निवड मिळते. २०२३ पासून वरच्या सहा जागा सोडतीने ठरतात, मुद्दाम हरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. माइक इलायस नोव्हेंबर २०१८ मध्ये ओरिओल्सचे महाव्यवस्थापक म्हणून आले तेव्हा सोडत नव्हती, आणि २०१८ चे ११५, २०१९ चे १०८ आणि २०२१ चे ११० पराभव थेट निवडीत रूपांतरित झाले. २०१९ ला पहिली निवड, कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) ॲडली रचमन. २०२० ला दुसरी, हेस्टन केरस्टाड. २०२१ ला पाचवी, कोल्टन काउजर. २०२२ ला पुन्हा पहिली, जॅक्सन हॉलिडे. हरण्याचा असा रोकडा मोबदला क्रिकेटमध्ये कुठेच नाही, आणि नाही हे बरंच आहे.

पण नुसती वरची निवड म्हणजे सगळं नव्हे. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक जागेची एक ठरीव किंमत असते आणि त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे संघाची थैली. थैलीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त खर्च केला तर पुढची पहिल्या फेरीची निवड जाते, त्यामुळे तो धोका कोणी पत्करत नाही. थैलीच्या आत मात्र पैसे इकडचे तिकडे करता येतात. २०२० मध्ये दुसऱ्या जागेची किंमत सुमारे ७७.९ लाख डॉलर होती. ओरिओल्सने केरस्टाडला ५२ लाखांत राजी केलं आणि उरलेल्या २६ लाखांतून चौथ्या फेरीत कोबी मेयोला १७.५ लाख दिले, जिथे जागेची किंमत होती जेमतेम ५.६६ लाख. मेयो तेव्हा शाळकरी होता आणि एवढे पैसे मिळाले नसते तर तो सरळ महाविद्यालयात गेला असता. केरस्टाडचं पुढे काय झालं ते दुःखद आहे. हृदयाच्या स्नायूला सूज आल्यामुळे त्याचं २०२१ चं पूर्ण वर्ष गेलं, २०२४ च्या जुलैत डोक्याला चेंडू लागला, आणि २०२५ मध्ये सरासरी .१९२ वर, म्हणजे हजार संधींत १९२ यशस्वी फटक्यांवर, असताना त्याला खाली पाठवलं गेलं. त्या ड्राफ्टचं मूल्यमापन करताना एकट्या केरस्टाडकडे बघणं म्हणूनच अन्यायाचं आहे. एकाच्या पैशात दोन-तीन दाणे पेरले होते. आणि त्याच वर्षी तिसाव्या जागेवर जॉर्डन वेस्टबर्ग मिळाला होता, जो पुढे ऑल-स्टार झाला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला.

सगळ्यात किफायतशीर निवड वेगळीच. २०१९ च्या दुसऱ्या फेरीत, एकूण ४२ व्या जागी, अलाबामातल्या सेल्मा गावचा गनर हेंडरसन. २०२३ मध्ये तो एकमताने वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२४ मध्ये त्याने ३७ होमरन, म्हणजे कुंपणापार गेलेले फटके, मारले.

परदेशी दाराकडे मात्र ओरिओल्सने जुन्या मालकांच्या काळात वर्षानुवर्षं पाठ फिरवली होती. इतर संघ डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलन मुलांवर कोट्यवधी खर्च करत असताना बाल्टिमोरचा वाटा नगण्य असायचा. २०१९ पासून ते बदललं आणि २०२१ च्या जानेवारीत सोळा वर्षांच्या सॅम्युएल बसायोशी १३ लाख डॉलरचा करार झाला. परदेशी मुलासाठी या संघाने तोवर इतके पैसे मोजले नव्हते.

आकडे वाचायचे कसे

होतकरू हेरणाऱ्या शोधपथकातले लोक प्रत्येक कौशल्याला २० ते ८० मधला गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण, ६० म्हणजे स्पष्ट चांगला, ८० म्हणजे पिढीत मोजक्यांना मिळणारा. बॅटरसाठी पाच कौशल्यं पाहतात: चेंडू लागणं, जोर, धावणं, फेक आणि क्षेत्ररक्षण. २०२३ च्या पहिल्या फेरीत घेतलेल्या एन्रिके ब्रॅडफिल्डला धावण्यात जवळपास सर्वोच्च गुण मिळतात आणि जोरात अगदी कमी. असा खेळाडू सेंटर फील्डमध्ये (मैदानाच्या मागच्या मधल्या भागात) उत्तम क्षेत्ररक्षण करून जागा कमावतो, पण त्याचं सगळं भांडवल पायांत असतं. त्यामुळे त्याची मांडी दुखावली, की दुसऱ्या कोणाच्या मांडीपेक्षा ती बातमी मोठी.

पण गुण हा अंदाज झाला. कोणाही चाहत्याला बघता येतात ते आकडे, आणि त्यात सगळ्यात आधी सरासरी बघू नये. आधी वय बघावं. बसायोने २०२५ मध्ये नॉरफोकसाठी ७६ सामन्यांत २३ होमरन मारले ते विसाव्या वर्षी, बहुतेक पिचर त्याच्याहून पाच-सात वर्षांनी मोठे असताना, आणि तेही पिचरना साथ देणारं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर. हेच २३ होमरन सत्तावीस वर्षांच्या खेळाडूने मारले असते तर त्याला कोणी होतकरू म्हटलं नसतं. गरज पडली तर बोलवायचा माणूस म्हटलं असतं.

दुसरं, स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर (चुकवलेल्या किंवा सोडून दिलेल्या चांगल्या चेंडूंवर) बाद होणं, किती होतात. होमरन येतात-जातात, पण चेंडू चुकवण्याची सवय वर गेल्यावर वाढतेच, कमी क्वचित होते. २०२४ च्या पहिल्या फेरीतला व्हान्स हनिकट हे याचं ढळढळीत उदाहरण. सेंटर फील्डमध्ये सुरेख, ताकद आहे, वेग आहे, आणि तरी २०२५ मध्ये हाय-एला तो इतक्या वेळा स्ट्राइकआउट झाला की बाकीच्या गुणांना वावच उरला नाही. महाविद्यालयात असतानाही हीच शंका होती. एकवीस जणांनंतर जी निवड मिळते तिच्यात कुठेतरी भोक असतंच, आणि हे भोक बुजेल असा जुगार संघाने खेळला. आजवर तो फसलेला दिसतो.

तिसरं, वॉक. डिलन बीव्हर्सने २०२५ मध्ये नॉरफोकला .३०४ ची सरासरी ठेवली, म्हणजे हजार संधींत ३०४ वेळा यशस्वी फटका, आणि तळावर पोचण्याचं प्रमाण .४२० राखलं. हा आकडा सरासरीपेक्षा जास्त बोलका आहे, कारण चांगला चेंडू ओळखण्याची नजर वर जाताना सोबत येते. ऑगस्टमध्ये मुख्य संघात आल्यावर बीव्हर्सची सरासरी .२२७ वर घसरली, पण तळावर पोचण्याचं प्रमाण .३७५ राहिलं. म्हणजे फटके हुकले तरी डोळे हुकले नाहीत. एक सावधगिरी इथे हवी: ट्रिपल-एमध्ये गेली काही वर्षं स्ट्राइक झोन यंत्राने मोजण्याचे प्रयोग चालू होते आणि ज्या काळात प्रत्येक चेंडूचा निर्णय यंत्र देत होतं तेव्हा वॉक फुगले. २०२३ चे ट्रिपल-एचे वॉक बघून कोणी हुरळून जाऊ नये.

आणि इतकं सगळं नीट वाचूनही फसायला होतं. हॉलिडेने २०२३ मध्ये एकाच हंगामात चारही पायऱ्या चढल्या, सरासरी .३२३. बेसबॉल अमेरिका या नियतकालिकाच्या होतकरूंच्या यादीत २०२२ ला रचमन, २०२३ ला हेंडरसन आणि २०२४ ला हॉलिडे, असा सलग तीन वर्षं पहिला क्रमांक ओरिओल्सकडे होता. एप्रिल २०२४ मध्ये विशीतल्या हॉलिडेला वर आणलं आणि पहिल्या दहा सामन्यांत ३४ संधींत त्याला दोन फटके मिळाले. दोन. त्याला परत नॉरफोकला पाठवावं लागलं. कारण साधं आहे. मेजर लीगमध्ये तुमच्या प्रत्येक फटक्याची चित्रफीत समोरच्या संघाकडे असते, तुमची कमकुवत जागा आठवड्याभरात सगळ्यांना कळते आणि तिथे हुकमी चेंडू टाकणारा पिचर रोज समोर येतो. ट्रिपल-एला कमकुवत जागा माहीत असली तरी तिथे अचूक टाकता येणारे कमी. बसायोचंही तेच झालं: वर आल्यावर ३१ सामन्यांत सरासरी .१६५. त्यावरून घाबरण्याचं कारण नाही. पहिल्या शंभर-दीडशे संधींवरून एकविशीतल्या कॅचरचं भविष्य सांगणं म्हणजे दोन पाऊस पडल्यावर धरण भरलं म्हणण्यासारखं आहे.

पिचर का नाहीत

हा ओरिओल्सच्या दुखण्याचा गाभा आहे.

इलायस ह्यूस्टन ॲस्ट्रोजमधून आले, सोबत सिग मेजडल यांना घेऊन, जे पूर्वी नासात अभियंते होते. त्यांचा हिशेब असा: ड्राफ्टच्या वरच्या भागात बॅटर घ्यावेत, कारण महाविद्यालयातल्या बॅटरच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बराच बरोबर येतो. पिचरचा अंदाज त्याच्या कोपरावर अवलंबून असतो आणि कोपर कधी जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. कोपराचा अस्थिबंध फाटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया आणि वर्ष-दीड वर्ष बाहेर. तेव्हा पिचर खालच्या फेऱ्यांत स्वस्तात घ्यायचे, त्यांचा चेंडू प्रयोगशाळेत घडवायचा आणि कमी पडले तर बॅटर देऊन विकत घ्यायचे.

कागदावर निर्दोष. प्रत्यक्षात झालं असं की २०१९ पासूनच्या ड्राफ्टमधून निवडलेला एकही पिचर २०२५ संपेपर्यंत ओरिओल्सचा कायमचा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, होऊ शकला नाही. काइल ब्रॅडिश अदलाबदलीतून एंजल्सकडून आला. डीन क्रेमर २०१८ मध्ये, इलायस येण्याआधी, मॅनी मचाडोच्या बदल्यात डॉजर्सकडून आला. टायलर वेल्स मिनेसोटाकडून रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये उचलला. म्हणजे असं, की दुसऱ्या संघाने चार-पाच वर्षांत आपल्या ४० जणांच्या राखीव यादीत न घेतलेला खेळाडू तुम्ही घेऊ शकता, अट इतकीच की त्याला पूर्ण हंगाम मुख्य संघात ठेवायचं. ग्रेसन रॉड्रिगेझ घरचा होता, पण २०१८ चा, म्हणजे तोही आधीच्या व्यवस्थापनाने निवडलेला. इलायसच्या काळात एकूण ६३ व्या जागेच्या वर पिचरवर खर्च केलेली निवड बराच काळ नव्हतीच, आणि त्या ६३ व्या जागेवरचा जॅक्सन बाउमायस्टरही वर्षभरात टॅम्पा बे संघाला देऊन झाला.

गंमत अशी की जे थोडे आशेचे कोंब दिसतात ते ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेल्यांत. ब्रँडन यंग २०२० ला निवडलाच गेला नव्हता. १५ ऑगस्ट २०२५ ला त्याने ह्यूस्टनमध्ये पहिले २३ बॅटर एकामागून एक बाद केले. ट्रे गिब्सन २०२३ ला असाच निवडीविना राहिलेला, आणि आज तो या शेतातला सगळ्यात पुढचा पिचर मानला जातो. म्हणजे घडवणारे लोक वाईट नाहीत. त्यांच्या हातात कच्चा माल फार कमी दिला गेला, हे माझं मत.

मग दुखापती आल्या. त्या कोणाच्याही वाट्याला येतात, पण ज्याच्याकडे राखीव नाही त्याला त्या जास्त लागतात. ब्रॅडिश आणि वेल्स दोघांची कोपरं २०२४ मध्ये गेली. क्लोजर (सामन्याचा शेवट करणारा पिचर) फेलिक्स बाउटिस्ता त्याच्या आधीच, २०२३ च्या शेवटी. रॉड्रिगेझ २०२५ मध्ये मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. त्या हंगामासाठी संघाने एक वर्षाच्या करारांवर ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन आणि जपानहून ३५ वर्षांचा तोमोयुकी सुगानो आणला. मोठ्या पिचरवर पैसे टाकायचे सोडून केलेली ही डागडुजी होती. १५ विजय, २८ पराभव झाल्यावर मे महिन्यात व्यवस्थापक (मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक) ब्रँडन हाइड यांची नोकरी गेली. खरं तर त्यांच्या हातात टाकायला पिचरच नव्हते.

घड्याळ आणि अदलाबदल

होतकरू साठवून का ठेवता येत नाहीत, हे समजलं की पुढचं सगळं उलगडतं. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष मोजतात. पहिली साधारण तीन वर्षं पगार किमान किंवा त्याच्या आसपास, पुढची तीन लवादाने वाढत जाणारा, आणि सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोकळा. म्हणजे होतकरूचं खरं मोल या सहा स्वस्त वर्षांत आहे. पूर्वी संघ नवोदिताला मुद्दाम काही आठवडे उशिरा आणून सातवं वर्ष पदरात पाडत. २०२२ च्या करारात त्याला दोन पाचर मारल्या. एक: सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोनांत आला तर त्याला पूर्ण वर्ष मिळतं. रचमन २१ मे २०२२ ला आला, मतदानात दुसरा आला, आणि ओरिओल्सचं ते वर्ष गेलं. तो आता २०२७ नंतर मोकळा होतो, हेंडरसन २०२८ नंतर. दोन: नामांकित होतकरूला हंगामाच्या सुरुवातीपासून खेळवलं आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला तर संघाला जादा निवड. हेंडरसनमुळे ती २०२४ मध्ये ३२ वी मिळाली.

बीव्हर्सला १६ ऑगस्ट २०२५ ला आणलं तेव्हा हंगामाचे ४४ दिवस उरले होते. नवोदित म्हणून मोजलं जाण्याची मर्यादा ४५ दिवसांची आहे, म्हणजे पुढच्या वर्षीही तो नवोदितच राहिला. तारीख कोणी पंचांग बघून काढली नसणार, पण कॅलेंडर नक्की बघितलं असणार. बसायोच्या बाबतीत संघाने वेगळा मार्ग घेतला: वर आणल्यावर आठवड्याभरातच आठ वर्षांचा ६.७ कोटी डॉलरचा करार. या पिढीतल्या एखाद्या खेळाडूला इतका आधी बांधून घेण्याची इलायसची ही पहिलीच खेप. हेंडरसनबाबत हेच २०२३ मध्ये करायला हवं होतं, आता तो फारच महाग पडेल.

जे खेळवता येत नाहीत ते विकायचे, आणि वेळेत. २०२३ च्या शेवटी ओरिओल्सकडे इन्फिल्डर (तळांजवळचे क्षेत्ररक्षक) इतके होते की मुख्य संघात त्यांना उभं राहायला जागा नव्हती. नॉरफोकने त्या वर्षी ट्रिपल-एचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, यावरूनच कळतं किती मोठा साठा वर जायची वाट बघत बसला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल आणि ३४ वी निवड देऊन मिलवॉकीकडून कॉर्बिन बर्न्स आणला, तो एका वर्षापुरता. बर्न्सने चोख काम केलं. बाद फेरीत कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने एकच धाव दिली आणि संघ १-० ने हरला. दुसरा सामना २-१ ने. २०२३ चे तीन सामने धरून २०१४ पासून बाद फेरीत सलग दहा पराभव. तिथे कमी पडले ते चक्क बॅटर, ही या सगळ्या कहाणीतली खोच.

जुलै २०२४ ची अदलाबदल जास्त शिकवणारी आहे. काइल स्टोअर्स आणि कॉनर नॉर्बी मायामीला देऊन ट्रेवर रॉजर्स घेतला. रॉजर्सने चार सामन्यांत नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सातहून जास्त धावा दिल्या आणि त्याला नॉरफोकला धाडलं. २०२५ मध्ये स्टोअर्स मायामीसाठी २५ होमरन मारून ऑल-स्टार झाला, आणि बाल्टिमोरमध्ये हा सौदा म्हणजे शिवी झाली. पण त्याच हंगामात मेअखेरपासून रॉजर्सने १८ सामन्यांत १.८१ च्या दराने धावा दिल्या. अदलाबदलीचा निकाल सहा महिन्यांत लावणाऱ्यांनी या सौद्याचा आलेख डोळ्यासमोर ठेवावा.

एक मजेशीर साखळी सांगण्यासारखी आहे. जुलै २०२५ मध्ये रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) ब्रायन बेकर टॅम्पाला दिला, बदल्यात ड्राफ्टची ३७ वी निवड घेतली आणि तिच्यावर शाळकरी आउटफील्डर (मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) स्लेटर डी ब्रन घेतला. बर्न्स आणि अँथनी सँटँडर मोकळे होऊन गेल्याची भरपाई म्हणून ३० वी आणि ३१ वी निवड मिळाली होती. तिसाव्यावर कॅचर केडन बोडीन घेतला. डिसेंबरमध्ये डी ब्रन, बोडीन, आणखी दोघं आणि एक निवड टॅम्पालाच देऊन शेन बाझ आणला. म्हणजे टॅम्पाची निवड फिरून टॅम्पालाच गेली. बाझने २०२५ मध्ये ३१ सामने सुरू केले आणि ४.८७ च्या दराने धावा दिल्या. आकडा बरा नाही, पण त्या वर्षी टॅम्पा आपल्या स्टेडियमचं छप्पर वादळात उडाल्यामुळे होमरनला सोप्या अशा सरावाच्या मैदानावर खेळत होता आणि तिथे त्याला जास्त मार पडला. तीन वर्षं तो ओरिओल्सच्या ताब्यात आहे. चार होतकरू आणि एक निवड ही किंमत मला चढी वाटते, पण पिचर न पिकवणाऱ्याला बाजारभाव द्यावाच लागतो.

आज शेतात काय उरलंय

बॅटरचा साठा २०२३ सारखा राहिलेला नाही, कारण पिकलेलं सगळं वर गेलं किंवा विकलं गेलं. बसायो आणि बीव्हर्स हे दोघं मुख्य संघात बसल्यावर खाली ताबडतोब तयार असा मोठा बॅटर दिसत नाही. २०२५ च्या ड्राफ्टमधले आइक आयरिश आणि वेहीवा अलॉय अजून किमान दीड-दोन वर्षं लांब आहेत.

त्याच वेळी वर गर्दी आहे. डिसेंबरमध्ये पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी १५.५ कोटी डॉलर देऊन पहिल्या तळावर आणलं, आणि त्याआधी नोव्हेंबरमध्ये रॉड्रिगेझ एंजल्सला देऊन आउटफील्डर टेलर वॉर्ड घेतला. अलोन्सो आला म्हणजे मेयोची जागा गेली. मेयो साडेसहा फुटांच्या जवळपास उंच, फेक जबरदस्त, पण तिसऱ्या तळावर पाय जड आणि पहिल्या तळावर आता अलोन्सो. रचमन आणि बसायो दोघेही कॅचर, त्यामुळे फक्त बॅटिंगपुरती जी एक जागा असते ती त्या दोघांत वाटली जाणार. मेयोला आता पिचरच्या बदल्यात द्यावं, आणि तेही त्याची किंमत आणखी उतरण्याआधी. स्टोअर्सच्या वेळी दुखलं म्हणून हात आखडता घेतला तर केरस्टाडसारखं होईल: २०२३ च्या शेवटी ज्याच्या बदल्यात चांगला स्टार्टर मिळाला असता, त्याला दोन वर्षांनी कोणी विचारलं नाही.

पिचरमध्ये रॉजर्स, ब्रॅडिश, बाझ अशी सुरुवात खरी तर वाईट नाही. ब्रॅडिशने शस्त्रक्रियेनंतर परतून २०२५ च्या शेवटी सहा सामन्यांत २.५३ चा दर राखला. चौथ्या-पाचव्या जागेच्या शर्यतीत क्रेमर, वेल्स, केड पोविच, यंग हेही. त्यांच्या मागे गिब्सन, आणि त्याच्याही मागे डावखुरा लुईस दे लिओन, ज्याच्या चेंडूत जोर आहे पण वॉक फार. त्याचा आकडा बघायचा तो धावांचा नाही. नऊ इनिंगमागचे वॉक चारच्या खाली येतात का, एवढंच.

गिब्सनचे सामने नॉरफोकला लागतील तेव्हा बघायची गोष्ट वेगळी: पाचव्या-सहाव्या इनिंगमध्ये, तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आल्यावर, स्ट्राइकआउट पहिल्या दोन फेऱ्यांइतके मिळतात का. मिळत असतील तर तो स्टार्टर, नसतील तर बुलपेन, म्हणजे रिलीव्हरांचा ताफा. नॉरफोकचे संध्याकाळचे सामने भारतात पहाटे चारच्या सुमारास सुरू होतात; उठून बघायची गरज नाही, सकाळच्या चहासोबत धावफलकात हा एक रकाना पाहिला तरी पुरे.